एरियातला जुना एसी रिपेअरवाला धंदा बंद करून गेला, त्याची गिऱ्हाइकं कमी खर्चात कशी मिळवू?

आधी त्या मालकालाच गाठा. त्याचा नंबर कितीतरी एसींवरच्या स्टिकरवर अजून चिकटलेला असतो आणि उन्हाळा लागला की लोक तोच फिरवणार, तर त्याला म्हणा कॉल माझ्याकडे फॉरवर्ड करा, काम झालं की कमिशन देतो, नाही झालं तर काही नाही, म्हणजे खिशातून आधी दमडी जात नाही. गुगल मॅपवर दुकान अजून चालू दिसत असेल तर ‘कायमचे बंद’ सुचवा, फुकट आहे (खरंच बंद असेल तरच हां, नसते उद्योग नकोत). मग सोसायट्यांचे सेक्रेटरी. ज्यांची एएमसी (वर्षभराच्या देखभालीचा करार) अर्धवट लटकली त्यांना एक सर्व्हिसिंग फुकट करून द्या, पुढचं वर्ष बहुतेक तुमचंच. पॅम्प्लेट छापू नका, सरळ रद्दीत जातात.