गोल कोपऱ्यांचा खटला आणि गालिच्यांचा कायदा

‘ॲपल-सॅमसंग खटल्यात सॅमसंगने चोरी केली, की ॲपलने पेटंटच्या जोरावर दादागिरी केली? दोषी एकच सांगा,’ असं तुम्ही विचारलंय. एकच नाव देता येणार नाही, पण गुळमुळीत उत्तरही देत नाही. नक्कल सॅमसंगने केली. त्या नकलेची किंमत मात्र अमेरिकी कायद्याने भलतीच लावली, आणि या भांडणातली काही पेटंटं मुळात मिळायलाच नको होती. मी पुण्यात बारा वर्षं पेटंट शोधाचं, म्हणजे एखादी कल्पना आधी कुणी मांडली होती का ते हुडकण्याचं काम करतोय. त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

आधी नकलेचं. सॅमसंगचे फोन आणि टॅबलेट ही आपल्या मालाची नक्कल आहे, असा दावा ॲपलने एप्रिल २०११ मध्ये कॅलिफोर्नियात लावला. सुनावणीत सॅमसंगचाच एक अंतर्गत अहवाल पुराव्यात आला. मार्च २०१० चा, १३२ पानांचा. पानोपानी आयफोन आणि त्यांचा येऊ घातलेला गॅलेक्सी फोन शेजारी शेजारी ठेवलेले, आणि आपण कुठे कमी पडतो, काय सुधारायचं याच्या सूचना. स्पर्धकाचा माल खोलून बघणं हा गुन्हा नाही, सगळेच कारखाने ते करतात. पण त्याच अहवालात असंही म्हटलं होतं की आयकॉन आयफोनवरून उचलल्यासारखे वाटतात, वेगळं डिझाइन करून ही भावना घालवा. म्हणजे घरच्या माणसांनाच ते दिसत होतं. एवढं वाचल्यावर सॅमसंगला निर्दोष म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण ‘सारखं दिसतं’ आणि ‘पेटंट मोडलं’ यात फरक आहे, आणि चर्चेत तो नेहमी हरवतो. ऑक्टोबर २०११ च्या सुनावणीत न्यायाधीश लूसी कोह यांनी दोन्ही कंपन्यांचे टॅबलेट हातात उंच धरले आणि सॅमसंगच्या वकीलबाईंना विचारलं, यातला तुमचा कोणता? त्या दहाएक फुटांवर उभ्या होत्या. इतक्या अंतरावरून सांगता येणार नाही, म्हणाल्या. हा प्रसंग सगळे सांगतात. पुढचं कुणी सांगत नाही: २०१२ मध्ये ज्युरीने टॅबलेटच्या बाबतीत ॲपलचं डिझाइन पेटंट, म्हणजे वस्तूच्या दिसण्यावरचं पेटंट, मोडलेलं नाही असंच ठरवलं. मोडलं ते फोनच्या बाबतीत. डिझाइन पेटंटमध्ये चित्र हाच क्लेम, म्हणजे मालकीचा दावा, असतो. सलग रेषांनी काढलेलं तेवढं तुमचं, तुटक रेषांनी काढलेलं फक्त संदर्भापुरतं. फोनच्या एका पेटंटात मालकी समोरच्या काचेची होती, बाकीचं अंग तुटक रेषांत होतं. ‘ॲपलने गोल कोपऱ्यांचं पेटंट घेतलं’ असं जे म्हणतात ते म्हणूनच अर्धवट आहे.

आता पैशाचं, कारण खरी मेख इथे आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये नऊ जणांच्या ज्युरीने १०५ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. अपिलांनंतर आकडा उतरला, तरी त्यातले ३९.९ कोटी फक्त डिझाइन पेटंटांचे होते, आणि ते कसे मोजले? त्या फोनांवरचा सॅमसंगचा अख्खा नफा. आतली चिप, रेडिओ, बॅटरी, कॅमेरा, कशाचाच हिस्सा वजा नाही. हा नियम आला गालिच्यांवरून. १८८५-८६ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने गालिच्यांची नक्षी चोरल्याच्या प्रकरणांत भरपाई दिली ती ६ सेंट, कारण नक्षीमुळे नेमका किती नफा झाला ते सिद्ध करता आलं नाही. गालिचेवाले हवालदिल झाले, आणि १८८७ मध्ये संसदेने कायदा केला: नक्षी चोरली तर त्या वस्तूवरचा पूर्ण नफा द्या. गालिच्यापुरतं हे न्याय्यच आहे. गालिचा माणूस नक्षी बघूनच घेतो. पण हेच माप फोनला लावलं तर काय होतं? सॅमसंगच्या वकिलांनी मोटारीतल्या कपहोल्डरचं उदाहरण दिलं, त्याचं डिझाइन मोडलं म्हणून अख्ख्या गाडीचा नफा द्यायचा का? मला हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की ‘वस्तू’ म्हणजे अख्खा फोनच असं नाही, त्याचा एखादा भागही असू शकतो. मात्र तो भाग ठरवायचा कसा, हे सांगितलं नाही.

‘स्लाइड टू अनलॉक’ची गोष्ट तर माझ्या धंद्यातली. बोट सरकवून कुलूप उघडायची कल्पना निओनोड या स्वीडिश कंपनीच्या फोनमध्ये आयफोनच्या आधी होती. त्या आधारावर ब्रिटनच्या न्यायालयाने २०१२ मध्ये ॲपलचं पेटंट रद्द केलं, जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानेही २०१५ मध्ये तेच केलं. अमेरिकेत मात्र ॲपल-सॅमसंगच्या दुसऱ्या खटल्यात ते टिकलं, आणि ॲपलची आणखी पेटंटं धरून सॅमसंगला एकूण ११.९६ कोटी डॉलर लागले. कल्पना तीच, आधीचा फोनही तोच. असं पेटंट देणारी कचेरी या भांडणात आरोपीच्या पिंजऱ्यात कधी उभी राहत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

आणि सॅमसंग बिचारी होती असंही समजू नका. मोबाइल नेटवर्कच्या मानकांत, म्हणजे सगळ्या फोनांनी पाळायच्या ठरलेल्या तांत्रिक नियमांत बसलेली, सगळ्यांना रास्त अटींवर देऊ असं कबूल केलेली पेटंटं तिने ॲपलवर उगारली. २०१३ मध्ये आयफोन ४ च्या अमेरिकेतल्या आयातीवर बंदीचा आदेशही मिळवला. ओबामा सरकारने ऑगस्टमध्ये तो फेटाळला.

‘मग पेटंटच रद्द करा’ हे तुमचं शेवटचं वाक्य मला पटत नाही. आपल्या १९७० च्या कायद्याचं कलम ३(के) बघा. नुसता संगणक प्रोग्राम आणि अल्गोरिदम यांना पेटंट नाही, असं तिथे लिहिलंय. अर्ज मंजूर होण्याआधी कुणीही लेखी विरोध नोंदवू शकतो, तुम्ही आणि मीसुद्धा. अशी चाळणी आधी लागली तर निम्मी भांडणं कोर्टापर्यंत जाणार नाहीत.

पहिल्या खटल्याच्या भरपाईचा मे २०१८ मध्ये नव्या ज्युरीने पुन्हा हिशेब मांडला आणि ५३.९ कोटी डॉलर ठरवले. डिझाइनचा वाटा आधीपेक्षाही वाढला. महिन्याभरात, जूनमध्ये, दोघांनी तडजोड केली, रक्कम जाहीर केली नाही. ज्या फोनांवरून हे चाललं होतं ते तेव्हा दुकानात मिळतही नव्हते, आणि आदल्या वर्षी आलेल्या आयफोन एक्सचा पडदा सॅमसंगनेच बनवलेला होता.