घरच्या सिनेमाला कंपनीचं लॉगिन कशाला?

प्रश्न : एक नावाजलेलं मीडिया सर्व्हर सॉफ्टवेअर (घरच्या संगणकावरचे सिनेमे टीव्ही-फोनवर दाखवणारं) बरीच वर्षं वापरतोय, आजीवन सभासदत्वाचे पैसेही भरलेत. आता ॲप उघडलं की आधी कंपनीचे फुकट चॅनेल आणि जाहिराती, माझी लायब्ररी कुठेतरी खाली. इंटरनेट गेलं की घरातल्या टीव्हीवरही लॉगिन अडतं. सर्व्हर म्हणजे सातव्या पिढीच्या आय-फाइव्हचा विंडोज डेस्कटॉप. त्यात डीव्हीडीवरून उतरवलेले सिनेमे, मालिका आणि घरच्या लग्नांचे व्हिडिओ आहेत. मुलगी पुण्याहून बघते. सोडावं का?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : सोडा, पण रागाच्या भरात अनइन्स्टॉल करू नका. संग्रह तुमच्या डिस्कवर आहे, त्याला धक्का लागत नाही. त्याच मशीनवर जेलीफिन हे फुकट मिळणारं मीडिया सर्व्हर सॉफ्टवेअर टाका. पोर्ट (मशीनवर जोडणी घेण्याचे क्रमांक) वेगळे असल्यामुळे दोन्ही सर्व्हर शेजारी शेजारी चालतात. जेलीफिनचा पोर्ट ८०९६. विंडोज फायरवॉलने विचारलं की फक्त 'प्रायव्हेट नेटवर्क'ला परवानगी द्या. महिनाभर दोन्ही चालू ठेवा. भरलेले पैसे गेले ते गेले, त्यांच्यासाठी रोज चिडचिड कशाला?

एम्बी या सर्व्हरचा कोड बंदिस्त झाला तेव्हा, डिसेंबर २०१८ मध्ये, त्यातून फुटून जेलीफिन निघालं. यात कंपनीचं खातं हा प्रकारच नाही. वापरणाऱ्यांची नावं आणि पासवर्ड तुमच्याच मशीनवर राहतात, त्यामुळे इंटरनेट बंद असलं तरी हॉलमधला टीव्ही चालतो. हार्डवेअर ट्रान्सकोडिंगलाही, म्हणजे चिपच्या मदतीने व्हिडिओ समोरच्या यंत्राला चालेल अशा रूपात बदलायलाही, पैसे पडत नाहीत. डॅशबोर्डमध्ये प्लेबॅक, मग ट्रान्सकोडिंग, तिथे 'इंटेल क्विक सिंक' निवडा. तुमची सातवी पिढी १० बिट एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवण्याची एक पद्धत) सुद्धा हार्डवेअरवर उलगडते, त्यामुळे नवं मशीन घेण्याची गरज नाही.

लायब्ररी बनवताना घाई नको. प्रत्येक सिनेमाला वेगळा फोल्डर, नावापुढे कंसात वर्ष. वर्ष नसेल तर त्याच नावाच्या भलत्याच सिनेमाचं पोस्टर लागतं. लग्नांचे व्हिडिओ सिनेमांच्या लायब्ररीत अजिबात टाकू नका, नाहीतर मावशीच्या लग्नाला एखाद्या कोरियन सिनेमाचं पोस्टर आणि कथानक चिकटेल. त्यांच्यासाठी 'होम व्हिडिओज अँड फोटोज' हा प्रकार आहे. मेटाडेटा सेव्हरमधल्या एनएफओवर (सिनेमाची माहिती साठवणारी फाइल) आणि 'आर्टवर्क मीडिया फोल्डरमध्ये ठेवा' यावर टिक असेल तर काढा, म्हणजे नवा सर्व्हर मूळ फोल्डरात काही लिहिणार नाही आणि जुन्याचा गोंधळ उडणार नाही. काय बघून झालं याच्या खुणा मात्र आपोआप येत नाहीत. सीझनवर एकदा टिक केली की त्यातले सगळे भाग 'पाहिलेले' होतात, तेवढं हाताने करा.

खरी अडचण पुण्याची. जुन्या सॉफ्टवेअरची कंपनी मध्ये बसून जोडणी करून द्यायची, इथे ते काम तुमच्याकडे येतं. आधी राउटरचा वॅन पत्ता, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. मग पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणारी जोडणी राउटरवरून सर्व्हरकडे वळवणं) कितीही केलं तरी उपयोग नाही. आणि पोर्ट उघडता आला तरी ८०९६ थेट जगासाठी उघडा ठेवणं आम्ही सुचवणार नाही. सर्व्हरवर आणि मुलीच्या फोनवर किंवा अँड्रॉइड टीव्हीवर टेलस्केल हे दूरची यंत्रं खासगी नेटवर्कने जोडणारं ॲप टाका. ते सर्व्हरला एक खासगी पत्ता देतं. जेलीफिन ॲपमध्ये तोच पत्ता, त्यापुढे कोलन (:) आणि ८०९६ लिहायचं. (हा पत्ताही १०० नेच सुरू होतो, राउटरवरचा तो नव्हे!) जेलीफिन या पत्त्याला 'बाहेरचा' समजतं, म्हणून मुलीच्या खात्यात रिमोट जोडणीची परवानगी चालू हवी. प्लेबॅकमधल्या स्ट्रीमिंगखाली इंटरनेट बिटरेटची (दर सेकंदाला जाणाऱ्या डेटाची) मर्यादा ६ एमबीपीएस ठेवून बघा. टेलस्केलला थेट वाट सापडली नाही तर ते रिले सर्व्हरमार्गे जातं आणि वेग पडतो, तेव्हा मर्यादा ३ वर आणा.

शेवटचं, पण नाशिकच्या पहिल्या वळवात हमखास लागणारं. वादळाबरोबर वीज जाते आणि तेव्हा सर्व्हर लिहीत असेल तर डेटाबेस बिघडू शकतो. यूपीएस घेताना यूएसबी पोर्ट असलेलाच घ्या, म्हणजे बॅटरी संपत आली की विंडोज स्वतः बंद होईल. सर्व्हिस थांबवून प्रोग्रामडेटामधल्या जेलीफिन फोल्डरची प्रत अधूनमधून काढा, आणि मोठ्या आवृत्तीआधी तर नक्कीच. जेलीफिनच्या १०.११ आवृत्तीत डेटाबेसची रचना बदलली, त्यावर गेल्यावर प्रत नसेल तर मागे येता येत नाही.

प्रश्न : काही सिनेमे अडखळतात, बाकीचे लोण्यासारखे चालतात. फायबरचा प्लॅन वाढवू का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : नको. घरातल्या घरात बघताना प्लॅनचा संबंध नाही. सिनेमा अडखळत असतानाच जेलीफिनचा डॅशबोर्ड उघडा, ट्रान्सकोड होत असेल तर तिथे कारणही लिहिलेलं असतं. बहुतेकदा दोषी ठरतात ब्ल्यू-रेवरची पीजीएस सबटायटल्स. ती अक्षरं नसून चित्रं असतात, म्हणून सर्व्हरला ती प्रत्येक फ्रेमवर छापावी लागतात. त्याऐवजी एसआरटी ही अक्षरांची सबटायटल फाइल वापरा. टीव्हीला डीटीएस हा आवाजाचा प्रकार चालत नसेल तर फक्त आवाज बदलला जातो, त्याचा भार किरकोळ. ट्रान्सकोड होतच नसेल आणि सिनेमा फोर-के डिस्कवरचा असेल, तर टीव्हीची लॅन केबल काढून ५ गिगाहर्ट्झ वायफायवर चालवून बघा. कित्येक टीव्हींचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो.

प्रश्न : जेलीफिन अपडेट केल्यावर जुन्या टीव्हीच्या 'मीडिया सर्व्हर' यादीतून ते गायब झालं.
– एक वाचक, सिडको

उत्तर : आवृत्ती १०.९ पासून डीएलएनए (टीव्हीला घरातला सर्व्हर यादीत दाखवणारी सोय) मूळ सॉफ्टवेअरमधून काढून प्लगइन केलं आहे. प्लगइनच्या कॅटलॉगमधून ते घ्या, सर्व्हर रीस्टार्ट करा. तरीही दिसलं नाही तर टीव्ही आणि सर्व्हर एकाच राउटरवर आहेत ना, गेस्ट वायफायवर नाहीत ना, ते तपासा.