"दोनच दिवस?"

ताई, माझी आई व्हिएतनाममधल्या सायगॉनला लहानाची मोठी झाली. आजोबा सिंधी, त्यांचं तिथे कापडाचं दुकान होतं. 1975 साली सगळं सोडून ते पुण्याला आले तेव्हा आई सोळा वर्षांची होती. पुढे तिचं लग्न मराठी घरात झालं. तिथल्याबद्दल ती फारसं बोलत नाही. यंदा तिला सरप्राइज म्हणून मी बारा दिवसांची सहल ठरवली: हनोई, हालाँग बे, होई आन आणि शेवटी दोन दिवस सायगॉन. कार्यक्रम पाहून ती एवढंच म्हणाली, "दोनच दिवस?" आणि दुसऱ्या दिवशी, "राहू दे, नकोच जाऊया." मला फार लागलं. भाऊ म्हणतो, जुनं उकरून काढू नकोस. काय करू?
– एक वाचक, नाशिक

तुला लागणारच गं. एवढ्या हौसेने ठरवायचं आणि समोरून "राहू दे" ऐकायचं. पण तिचं पहिलं वाक्य पुन्हा वाच. "दोनच दिवस?" ही तिची मागणी होती. तुझ्या ती लक्षात आली नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी तिने मुकाट्याने मागे घेतली.

तिच्या बाजूने नकाशा बघ. 1954 साली सतराव्या अक्षांशाजवळ व्हिएतनामचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग पडले, सायगॉन दक्षिणेत. आईचा जन्म त्यानंतरचा. उत्तरेतलं हनोई तिच्या लहानपणी शत्रूची राजधानी होती, तिथे जाण्याचा प्रश्नच नव्हता. हालाँगही पलीकडचंच. म्हणजे तुझ्या बारा दिवसांतले बरेचसे तिने कधी न पाहिलेल्या मुलखात जाणार आणि जिथे ती वाढली त्या शहराला उरलेसुरले दोन. तुझा हेतू चांगलाच होता. पण ही सहल तुझी झाली, तिची नाही.

सायगॉनपासून सुरुवात करा आणि निदान आठ दिवस तिथेच राहा. मुंबईहून थेट विमान आहे, ई-व्हिसा नव्वद दिवसांपर्यंतचा मिळतो, तेव्हा घाई कशाचीच नाही. डिसेंबर-जानेवारीत पाऊस नसतो. एप्रिलअखेर मात्र टाळ. 1975 साली 30 एप्रिललाच उत्तरेच्या फौजांनी सायगॉन घेतलं, म्हणून तो दिवस तिथे विजयाचा सण असतो. ज्यांची घरं त्या वर्षी सुटली त्यांच्यासाठी ती तारीख वेगळी असते.

दुकान सापडेल अशी आशा दाखवू नकोस. रस्त्यांची नावंसुद्धा बदलली आहेत. तिच्या वेळचा "तू यो", म्हणजे स्वातंत्र्य रस्ता, आता डोंग खोई आहे. शहराचं नाव 1976 साली हो ची मिन्ह सिटी झालं, तरी बोलताना लोक आजही सायगॉन म्हणतात. पण बेन थान्ह बाजाराचं घड्याळाचं प्रवेशद्वार जागेवर आहे. त्याच्या जवळच मारिअम्मन या दक्षिण भारतीय देवीचं देऊळ आहे, जिथे स्थानिक व्हिएतनामी आणि चिनी लोकही उदबत्त्या लावतात. तिथे तिला उभी कर आणि मग तिच्या मागून चाल. मोबाइलवरचा नकाशा पर्समध्ये राहू दे. चुकली तर चुकू दे.

एका गोष्टीची मनाची तयारी ठेव. व्हिएतनामी भाषेत नुसतं मी-तू म्हणून भागत नाही, समोरच्याचं वय बघून नातं लावावं लागतं. आई निघाली तेव्हा थोरांसाठी ती "एम" होती नाहीतर "कॉन", धाकटी बहीण नाहीतर लेक. आता कॉफीच्या टपरीवरची मुलगी तिला "को", म्हणजे आत्या, म्हणेल, कदाचित "बा", म्हणजे आजी. आणि उत्तर देताना आईलाही स्वतःला तेच म्हणवून घ्यावं लागेल. मधली पन्नास वर्षं तिला त्या एका शब्दात कळतील. तेव्हा ती गप्प झाली तर "काय झालं, काय झालं" करू नकोस. समोर बर्फाची दूधकॉफी असेल, ती पी.

माझ्या सासूबाईंचं गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलं. खूप वर्षांनी त्यांना काठावर नेलं तर दोन मिनिटांत म्हणाल्या, "ऊन फार आहे, चल." मी मनातून खट्टू झाले. त्याच रात्री लाइट गेली आणि अंधारात त्यांनी मला घरन् घर सांगितलं, कुणाच्या परड्यात कसलं झाड होतं ते सुद्धा. म्हणून हॉटेलात दोघींना एकच खोली घे आणि संध्याकाळी काही ठरवू नकोस.

युद्धाच्या संग्रहालयात न्यायचं का, हे तिलाच विचार. तिथली मांडणी जिंकणाऱ्यांची आहे आणि फोटो भयंकर आहेत. ती नको म्हणाली तर विषय तिथेच संपव.

भावाला सांग, उकरून काढायला ते पुरलेलं असावं लागतं. ज्या बाईच्या तोंडून कार्यक्रम पाहताक्षणी "दोनच दिवस?" निघतं, तिने काहीही पुरलेलं नाही.

आज जेवणं झाल्यावर कागद-पेन्सिल घेऊन तिच्याजवळ बस. घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता काढून दे म्हणावं. वाटेत काय काय लागायचं, ते तिच्याकडूनच त्यावर लिहून घे, जुन्या नावांनीच. तो कागद जपून ठेव, विमानात तोच बरोबर घ्यायचा आहे. आणि हनोईचं हॉटेल उद्या सकाळी रद्द कर.