अर्ध्या टक्क्याचा सोलर सेल कशाला?

प्रश्न : मुलगी शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. भौतिकशास्त्राला आहे. प्रकल्पासाठी नॅनोकणांचा लेप दिलेली काच जांभळाच्या रसात बुडवून सोलर सेल करते. कार्यक्षमता अर्धा टक्काही येत नाही. आमच्या छतावरचं पॅनेल वीस टक्क्यांचं आहे. मग यात वर्ष का घालवायचं?
— एक पालक, कागल

उत्तर : दादा, छतावरच्या पॅनेलसाठी सिलिकॉन १४१४ अंशांना वितळवावं लागतं. तुमची मुलगी ज्याचे नॅनोकण वापरते तो टायटॅनियम डायऑक्साइड भिंतीच्या पांढऱ्या रंगातही असतो. साडेचारशे-पाचशे अंशांना भाजला की थर तयार. कॉलेजातल्या भट्टीत हे जमतं.

खरी करामत कणांच्या बारीकपणात आहे. जांभळाच्या रंगाचा रेणू प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन सोडतो, पण तो कणाला चिकटलेला असेल तरच हा इलेक्ट्रॉन पुढे जातो. सपाट पृष्ठभागावर रेणूंचा एकच थर बसतो आणि तो जेमतेम टक्काभर प्रकाश शोषतो. वीसेक नॅनोमीटरच्या कणांचा दहा मायक्रॉन जाडीचा सच्छिद्र थर केला, की आतला पृष्ठभाग काचेच्या हजारपटीच्या घरात जातो. ओ'रीगन आणि ग्रेट्झेल या शास्त्रज्ञांनी १९९१मध्ये याच मार्गाने सुमारे ७ टक्के गाठले. त्यांचा रंग रुथेनियम या धातूच्या संयुगाचा होता. जांभळातलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य लाल प्रकाश जवळजवळ सोडूनच देतं, त्यामुळे अर्धा टक्का आला तर पोरीचं काही चुकलेलं नाही.

तिला टक्के विचारू नका. एकाच दिवशी केलेले पाच-सहा सेल सारखेच आकडे देतात का? मोजताना कडेचा प्रकाश अडवायला काळा मास्क लावला होता का? सेलच्या दोन काचांमधलं आयोडाइडचं द्रावण आपल्याकडच्या पावसाळ्यात टिकलं का? हे विचारा. या उत्तरांवरून मी विद्यार्थ्याचं काम ओळखत आले आहे.

एक मात्र स्पष्ट सांगते. प्रबंधात ‘स्वस्त’ लिहिण्याआधी तिने हिशेब मांडावा. जांभूळ स्वस्त आहेच, पण वीज वाहणारा पारदर्शक थर दिलेली काच महाग पडते. समोरच्या काचेवरचं प्लॅटिनमही तसंच. प्लॅटिनमऐवजी मी मुलांना पेन्सिलीचं शिसं काचेवर घासायला लावायचे, सेल चालायचा. वाहक काचेचं कोडं अवघड आहे. तापवलेल्या काचेवर कथिलाच्या क्षाराचं द्रावण फवारून तसा थर देता येतो, आणि फवारणीचं हे तंत्र तिच्या विद्यापीठात चांगलं मुरलेलं आहे. पुढे तिने तेच हाती घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.