बेसिन, फ्लश, नळाची धार: मांजराला नेमकं हवं काय असतं?

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न दडलेत. दोन वर्षांची मांजरी भरलेलं भांडं सोडून नळाची धार मागते, फ्लशचा आवाज आला की असेल तिथून धावत सुटते, आणि दुपारभर बेसिनमध्ये अंगाचं वेटोळं करून पडते. "हिला पाण्याचं वेड लागलंय का?" असं तुम्ही विचारलंय. वेड नाही, आणि पाण्याचं तर फारसं नाहीच. या तिन्ही गोष्टींची कारणं वेगवेगळी आहेत. ती एकत्र केली की भलतेच उपाय सुचतात. लोक हौसेने महागडं कारंजं आणतात, मांजर दोन दिवस त्याच्या मोटरचा वास घेतं आणि पुन्हा बेसिनवर चढून बसतं.

फ्लशपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात मजेशीर भाग तोच आहे. मांजर लांबवर पाठलाग करून सावज दमवत नाही. ते बिळाच्या तोंडाशी दबा धरतं, आत काय खुडबुडतंय ते कान देऊन ऐकतं आणि काही हललं की झडप घालतं. आता कमोडकडे तिच्या नजरेने बघा. आधी टाकीत खट्ट असा आवाज. मग खळखळाट. मग पाणी गरागरा फिरतं, त्यात कागदाचा एखादा कपटा असेल तर तोही फिरतो, आणि बघता बघता सगळं एका भोकात गडप! आवाज, हालचाल आणि बिळात पळालेलं सावज, शिकारीचा अख्खा कार्यक्रम काही सेकंदांत उरकतो. शिवाय ते सावज कधीच हाती लागत नाही, त्यामुळे उत्सुकता संपत नाही. कापडी उंदीर एकदा मारला की मेला. फ्लश मात्र दर वेळी नव्याने जिवंत होतो.

हे माझं नुसतं कवित्व नाही. मांजरांच्या वर्तनाचे ब्रिटिश अभ्यासक जॉन ब्रॅडशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. तेच खेळणं लागोपाठ पुढे केलं की मांजरांचा उत्साह झपाट्याने ओसरत गेला. पण खेळणं बदलून थोडं वेगळं दिलं की तीच कंटाळलेली मांजरं पुन्हा तुटून पडली. त्यांना कंटाळा खेळाचा नव्हता, त्या खेळण्याचा होता. वाहत्या पाण्याचा प्रत्येक ओघळ वेगळा, प्रत्येक थेंब वेगळ्या जागी फुटतो. कंटाळायला तिथे एकसारखं काही नसतंच.

आता कानांचं बघू. माणसाला फार तर 20 किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, तेही तरुणपणी. मांजराला साधारण 85 किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं. उंदरांची पिल्लं ज्या पट्टीत चिरचिरतात ती आपल्या कानांच्या पलीकडची आहे, मांजराच्या नाही. आता नळाचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा असेल, कुठे बारीक गळत असेल, तर त्यातून येणाऱ्या सूंऽऽ आवाजातही असे अतिउच्च सूर असतात. कारखान्यांमध्ये व्हॉल्व्हची गळती हुडकायला अल्ट्रासोनिक उपकरणं वापरतात ती याच जोरावर. म्हणजे आपल्याला जो नळ 'बंद' वाटतो, तो मांजराच्या लेखी बंद असेलच असं नाही. रात्री मोरीच्या जाळीपाशी मान वाकडी करून, दोन्ही कान वेगवेगळ्या दिशांना फिरवत बसलेलं मांजर पाहिलं असेल तर हे लगेच पटेल. आमच्या बोक्याला शेजारच्या घरात नळ सुटल्याचं पाइपवरून आधी कळतं. तो जाऊन जाळीपाशी बसतो आणि मग काही क्षणांनी आपल्याला गुळगुळ ऐकू येते. नवख्या पाहुण्यांना त्याला भूत दिसतं असं वाटतं. आम्हीही त्यांचा गैरसमज दूर करायची घाई करत नाही.

म्हणूनच ही ओढ पाण्यापुरती नसते. वॉशिंग मशीनच्या गोल काचेपुढे ठाण मांडणं, प्रिंटर कुरकुरला की त्याच्या तोंडात पंजा घालणं, एग्झॉस्ट पंख्याची भिंतीवर फिरणारी सावली पकडणं, हे सगळं त्याच जातीचं. घरातल्या ज्या वस्तू एरवी मुकाट असतात आणि अचानक आपणहून हलतात किंवा बोलतात, त्या मांजराच्या यादीत वरच्या नंबरवर. सोफा कितीही महाग असला तरी तो कधी हलत नाही. त्यामुळे त्याला नखं घासण्यापलीकडे किंमत नाही.

नळ मात्र थोडा निराळा आहे, कारण तिथे ती खरंच पाणी पिते. याबद्दल एक स्पष्टीकरण सगळीकडे ऐकायला मिळतं: रानात साचलेलं पाणी दूषित असतं, म्हणून मांजराला वाहतं पाणी आवडतं. ऐकायला छान आहे, पण मी त्यावर फार भार टाकणार नाही. पाळीव मांजराचा पूर्वज आफ्रिकी रानमांजर. ते कोरड्या मुलखातलं जनावर, बरंचसं पाणी शिकारीच्या मांसातूनच मिळवणारं आणि लघवी अतिशय घट्ट करून ते टिकवणारं. खळाळत्या झऱ्यांची चैन त्याच्या वाट्याला कितीशी आली असेल? शिवाय साधं भांडं आणि वाहतं पाणी यांची तुलना करणारे प्रयोग झाले आहेत, 2010 मध्ये आणि 2019 मध्येही. सगळ्या मांजरांचा एकत्र हिशोब केला तर फार मोठा फरक निघाला नाही. एकेकट्या मांजराची आवड मात्र ठाम असते. कुणी धारेशिवाय तोंड लावत नाही, तर कुणी धारेकडे पाठ करून भांड्यातलं पितं. तेव्हा "मांजरांना वाहतं पाणी आवडतं" या वाक्यापेक्षा "तुमच्या मांजराला काय आवडतं" हे बघणं जास्त उपयोगाचं.

भांडं नको असण्याची साधी कारणंही असतात. मांजराला अगदी नाकासमोरचं नीट दिसत नाही. एका वितीच्या आतलं सगळं धूसर, तिथे मिश्या कामाला येतात. पारदर्शक, स्तब्ध पाण्याची पातळी नेमकी कुठे आहे हे मग नजरेने कळायचं कसं? भांड्यात आधी पंजा बुडवून, तो झटकून, मग चाटणारी मांजरं मला वाटतं तेच तपासत असतात. पाणी हललं की त्यावर उजेड लकाकतो आणि पातळी कळते. त्यातच भांडं प्लॅस्टिकचं आणि वास धरलेलं असेल, खाण्याच्या वाटीला चिकटून ठेवलेलं असेल, किंवा कोपऱ्यात असेल आणि पिताना पाठ उघडी पडत असेल, तर बेसिनचा नळ उजवाच ठरतो. तिथे उंची असते, चारही बाजू दिसतात. अरुंद भांड्यात मिश्या घासून मांजर "थकतं" असंही हल्ली ठासून सांगितलं जातं. पण तपासून पाहिल्यावर त्याला फारसा आधार मिळालेला नाही. भांडं रुंद घ्या, त्यात तोटा काही नाही, पण त्यातून चमत्काराची अपेक्षा नको.

मांजर पाणी कसं पितं हे कधी जवळून बघा. कुत्रा जीभ पाण्यात जोराने आपटतो, चहूकडे सडा घालतो. मांजर तसं करत नाही. जिभेचं टोक मागे वळतं, पाण्याच्या पृष्ठभागाला जेमतेम टेकतं आणि झर्रकन वर जातं. त्यामागोमाग पाण्याचा एक बारीक खांब उभा राहतो आणि तो कोसळण्याच्या आत जबडा मिटतो. सेकंदाला साधारण चार वेळा. तेव्हा अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत असलेले संशोधक रोमन स्टॉकर यांना न्याहारी करताना आपल्या मांजराकडे बघून हा प्रश्न पडला आणि 2010 साली त्यांनी व सहकाऱ्यांनी यातलं गणित 'सायन्स' या नियतकालिकात मांडलं. धारेखाली मात्र हे नाजूक तंत्र बिघडतं. म्हणून काही मांजरं डोकं तिरकं करून धारेच्या कडेला चाटतात, आणि काही थेट धारेखाली डोकं घालून कपाळावरून गालावर ओघळणारं पाणी टिपत बसतात. अंग भिजलेलं चालत नाही म्हणणारं हेच जनावर! भिजणं आपल्या मर्जीने असलं की तक्रार नसते, हे त्यातलं गुपित.

आणखी एक गोष्ट तुम्ही मोजलेली नाही, ती म्हणजे तुम्ही स्वतः. ती बेसिनवर चढते, एकदा ओरडते, तुम्ही हातातलं काम टाकून नळ सोडता. धार मिळते, वर कौतुक मिळतं. इथे शिकवणी कुणी कुणाची घेतली? एखाद्या दिवशी तुम्ही दुर्लक्ष केलंत आणि पाचव्या हाकेला उठलात, तर ती इतकंच शिकते की पाच हाका माराव्या लागतात. माणसाला उठवण्यात मांजरं किती तरबेज असतात यावर 2009 मध्ये प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक कॅरन मॅकॉम्ब यांच्या गटाचा एक सुंदर अभ्यास आला होता. खायला मागताना काही मांजरं गुरगुराटातच रडण्यासारखा एक उंच सूर मिसळतात आणि तो ऐकून माणसाला स्वस्थ बसवत नाही. नळासाठीचा हट्ट मोडायचा असेल तर हाक मारल्यावर नळ सोडायचा नाही, तुमच्या वेळेला सोडायचा. आणि मोडायचाच नसेल तर खुशाल पाजा. मी पाजतो.

बेसिनमध्ये झोपण्याचा पाण्याशी संबंध सगळ्यात कमी. उकाड्यात सिरॅमिक गार लागतं हे खरं, पण मांजराला मुळात ऊबच प्रिय. ज्यांची मांजरं थंडीतही बेसिन सोडत नाहीत, तिथे कारण आकाराचं. सगळ्या बाजूंनी अंगाला टेकणारी, जमिनीपासून उंच, कुणी मागून येऊ शकणार नाही अशी जागा. खोक्यात बसतात तेच हे. नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट विद्यापीठाने 2014 मध्ये निवारागृहात नव्याने आलेल्या मांजरांना लपायला खोकी देऊन पाहिलं. खोकी मिळालेली मांजरं लवकर स्थिरावली. बेसिन म्हणजे न हलणारं, न फाटणारं खोकं. तुमच्या मांजरीला त्याच उंचीवर, खिडकीजवळ कडा उंच असलेली एखादी टोपली देऊन बघा. दिवसातून काही तास तरी बेसिन मोकळं मिळेल.

तर आता करायचं काय? आठवडाभर फक्त बघा: नळाशी गेल्यावर ती पिते, पंजा मारते की नुसती बसते. पीत असेल तर पाण्याची रुंद, काचेची किंवा स्टीलची भांडी खाण्यापासून लांब दोन-तीन ठिकाणी ठेवा आणि पाणी रोज बदला. नुसतं कोरडं खाणं देत असाल तर ओलं खाणं सुरू करा. कोरड्यात पाणी दहा टक्क्यांच्या आत असतं, ओल्यात पाऊण हिस्सा, त्यामुळे कुठल्याही कारंज्यापेक्षा याने जास्त पाणी पोटात जातं. पंजा मारत असेल तर तिला शिकार हवी आहे. दोरीचं खेळणं रोज थोडा वेळ, दर वेळी वेगळं, आणि शेवटी तिच्या हाती लागू द्यायचं. परातीत बोटभर पाणी घालून पिंगपाँगचा चेंडू सोडलात तर बराच वेळ शांतता मिळेल. फरशी पुसायची तयारी ठेवा.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. तुमची मांजरी दोन वर्षांची आहे आणि पहिल्यापासून अशी आहे, म्हणून मला काळजी वाटत नाही. पण आजवर नळाकडे न बघणारं मांजर, विशेषतः उतारवयातलं, अचानक पाण्यामागे लागलं, भांडी भराभर रिकामी होऊ लागली, शी-शूच्या ट्रेमधल्या मातीत लघवीने होणारे गोळे मोठे झाले, तर ते खूळ नसून तहान असू शकते. किडनीचा विकार, मधुमेह, थायरॉइड वाढणं, तिन्हींची सुरुवात अशी होते. दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण 50 मिलिलिटरच्या वर पाणी जात असेल तर डॉक्टरांकडे जाऊन रक्त आणि लघवी तपासून घ्या. आणि मांजर बेसिनमध्ये किंवा मोरीत बसून कुंथत असेल, थेंब थेंब लघवी होत असेल किंवा होतच नसेल, तर सकाळची वाट बघू नका. बोक्यांमध्ये मूत्रमार्ग तुंबणं एक-दोन दिवसांत जिवावर बेततं.

बाथरूममध्ये तिचा मुक्काम असणारच, तर तिथली साफसफाईची औषधं आवरा. फिनाईलच्या जातीची जंतुनाशकं मांजराला विषासारखी, कारण ती निकामी करण्याची यकृतातली एक यंत्रणा मांजरात फार दुबळी असते. पुसलेल्या फरशीवर चालून तिने पंजे चाटले तरी ते पोटात जातं. टाकीत टाकायच्या निळ्या वड्या वापरत असाल तर कमोडचं झाकण बंदच ठेवा. भरलेल्या बादलीवर झाकण हवं, लहान पिल्लं आत पडली तर गुळगुळीत कडेवरून वर येऊ शकत नाहीत. लिव्हरचा नळ असेल तर ती तो ढकलायला शिकेल हे धरून चाला आणि गरम पाण्याचा कॉक खालून बंद ठेवा. आणि वॉशिंग मशीन सुरू करण्याआधी ड्रममध्ये हात घालून चाचपायचं. नुसतं डोकावून भागत नाही, कपड्यांखाली शिरलेलं मांजर दिसत नाही.