छपराआधी पॉलिसी पाहा

प्रश्न : वय 61, सेवानिवृत्त, हिंगणा मार्ग, नागपूर. घरामागे 100 अंड्यांच्या कोंबड्यांसाठी शेड बांधत आहे. खर्च दोन लाख. छपराला टिन घालावे की सिमेंटचे पत्रे? महिन्याला 21 हजार येतील, त्यातून बँकेत घेतलेल्या हमी योजनेचे वर्षाचे दोन लाख दहा वर्षे भरीन. तिची कागदपत्रे 18 दिवसांपूर्वी मिळाली.

उत्तर : छपराचे नंतर पाहू. आपण ठेव समजून घेतलेली ती योजना विमा पॉलिसी आहे आणि आपण वीस लाखांची बांधिलकी पत्करली आहे. निवृत्त माणसाच्या गळ्यात दहा वर्षांचा हप्ता बांधणाऱ्याला सल्लागार म्हणवत नाही. सुदैवाने पॉलिसी हाती आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. आपल्याकडे 12 दिवस उरले आहेत. अर्ज लेखी आणि थेट विमा कंपनीकडे द्या, पोच घ्या, शाखेतील कोणी 'पाहू' म्हणाले तरी थांबू नका. मुद्रांक शुल्क व तेवढ्या दिवसांचा विमा-खर्च वजा होऊन बाकी पैसे परत मिळतील. ते ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवल्यास 8.2 टक्क्यांनी वर्षाला सुमारे 16 हजार व्याज हाती येईल.

आता आपले 21 हजार. प्रत्येक कोंबडी रोज एक अंडे देईल, ते सात रुपयांना जाईल आणि खाद्य फुकट मिळेल, असा हा हिशेब आहे. वर्षभराची सरासरी 80 अंडी धरा, म्हणजे महिन्याला सुमारे 17 हजार. 100 पक्षी रोज 11 किलो खाद्य खातात, किलोला 40 रुपये धरले तरी 13 हजार तिथेच गेले. उरलेल्या साडेतीन हजारांत औषध, तूस, वीज, मर आणि दीड वर्षाने घ्याव्या लागणाऱ्या नव्या तलंगा (अंड्यांवर येण्याच्या बेतातील तरुण कोंबड्या) भागवायच्या. दोन लाखांचा हप्ता यातून निघणे शक्य नाही.

हौस असेल तर 25 पक्ष्यांपासून सुरुवात करा. पक्ष्यामागे दोन चौरस फूट धरून 50 चौरस फूट जागा, पाच कोंबड्यांमागे एक अंडी घालण्याची पेटी आणि मुंगूस शिरणार नाही अशी बारीक जाळी एवढे पुरे. छपराला सिमेंटचे पत्रे घ्या, कारण मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की टिनाखाली कोंबड्या धापा टाकतात, अंडी घटतात, काही दगावतातही. शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, छपराला चुना फासा आणि तलंगा उन्हाळा सरल्यावरच आणा. लसीकरणाचे वेळापत्रक सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारून घ्या.