युरोगसला पहिल्यांदा जाताय? आधी तुमचा पार्ट मोजा

जर्मनीत न्यूरेंबर्गला दर दोन वर्षांनी भरणारं युरोगस हे डायकास्टिंगचं (वितळलेला धातू दाबाने डायमध्ये, म्हणजे धातूच्या साच्यात, भरून पार्ट बनवण्याचं) प्रदर्शन तीनच दिवसांचं असतं. 'मशीन दाखवा' म्हणत फिरलात तर पिशवीभर कॅटलॉग मिळतील, उत्तर नाही.

निघण्यापूर्वी लॉकिंग टनेज, म्हणजे डाय बंद धरायला मशीनला लागणारा जोर, स्वतः काढा. पार्टच्या प्रोजेक्टेड एरियात (डाय उघडण्याच्या दिशेने पाहिलं की दिसणारं क्षेत्रफळ) रनर, म्हणजे धातू आत नेणाऱ्या वाटा, आणि ओव्हरफ्लो, म्हणजे जादा धातूचे खिसे, हेही धरायचे (नवखे हमखास हेच विसरतात). समजा एकूण 400 चौरस सेंटीमीटर आणि इंटेन्सिफिकेशन प्रेशर (डाय भरल्यावर धातूवर दिलेला शेवटचा दाब) 800 बार, तर गुणाकार केला की साधारण 320 टन. वर 15 टक्के धरा, 370 च्या आसपास. कमी पडलं की डाय किंचित उघडते आणि पार्टिंग लाइनला (डायचे दोन भाग जुळतात तिथे) फ्लॅश, म्हणजे बाहेर आलेल्या धातूची पातळ कड, येतो. टनेज जुळलं तरी शॉटचं (एका वेळी भरल्या जाणाऱ्या धातूचं) वजन आणि टाय-बारमधलं (डाय ज्यांच्यामध्ये बसते त्या मशीनच्या दांड्यांमधलं) अंतर विचाराच. डाय बसलीच नाही तर टनेज काय चाटायचंय?

स्टॉलवरच्या चकचकीत नमुन्यांना भुलू नका. पोरोसिटी, म्हणजे धातूतल्या बारीक पोकळ्या, आत असते. कापलेला पार्ट किंवा एक्स-रे मागा, तोही गेटपासून (धातू पार्टमध्ये शिरतो त्या जागेपासून) लांबच्या, जाड भागाचा.

सायकल टाइम (एका शॉटला लागणारा एकूण वेळ) सांगितला तर त्यात डायवर मारायचा स्प्रे धरलाय का, तेही विचारा. आणि ग्राहकाचं ड्रॉइंग दाखवताना नाव, पार्ट नंबर झाकून न्या.